माझदा एमएक्स-५: सीटमागे पाणी साचतंय? नवं हूड घेण्याआधी हे करून बघा

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचं दुखणं हेच आहे का ते कळेल. रात्रभर पाऊस पडलाय. सकाळी गाडी काढली, पहिल्या राउंडअबाउटला वळलात आणि कमरेच्या मागे कुठेतरी ‘चुळुक’ झालं. डिकीत पाण्याची बाटली लवंडली असेल म्हणून सोडून दिलंत. आठवडाभरात काचा आतून धूसर व्हायला लागल्या. ब्लोअर कितीही वाढवा, साफ म्हणून होत नाहीत. मग वास. ओलं गोणपाट बंद खोलीत राहिल्यावर येतो तसा. आणि एक दिवस सीटमागे पडलेली पार्किंगची पावती काढायला हात घातलात, तर कार्पेट पिळून घ्यावं इतकं ओलं.

टॉवेलनं टिपलं, दोन दिवस हीटर चालवला, कोरडं झालं. पुढच्या मोठ्या पावसात पुन्हा तेच. माझ्याकडे हे दोन वर्षांत पाच वेळा झालं. सहाव्यांदा व्हायची वेळ येऊन गेली त्यालाही आता बराच काळ लोटला, पण झालं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

माझी गाडी दुसऱ्या पिढीची, २००२ ची, १.८ लिटर इंजिनाची. राहतो स्टॉकपोर्टला, मँचेस्टरला लागून. मूळचा चिपळूणचा, त्यामुळे पावसाचं मला कुणी काही सांगू नये असा माझा समज होता. पण आमचा पाऊस कोसळतो आणि मोकळा होतो. इथला नुसता ठिबकत राहतो, आणि म्हाताऱ्या गाडीला ठिबकणाराच जास्त बाधतो. गाडी घेतल्याचं बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “माझदा? म्हणजे स्वराज माझदा? टेम्पो कशाला घेतलास रे?” त्यांचंही चूक नाही. आपल्याकडे माझदा म्हटलं की शाळेची मिनीबस नाहीतर मालाचा ट्रकच डोळ्यांपुढे येतो. दोनच माणसं बसतात, मागे जागाच नाही, हे कळल्यावर ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत.

ज्यांना गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पहिली एमएक्स-५ १९८९ साली शिकागोच्या मोटार शोमध्ये लोकांपुढे आली. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, वजन जेमतेम टनभर, वर हूड, म्हणजे मागे घडी घालता येणारं कापडी छप्पर. दुसरी पिढी १९९८ ते २००५. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. दोन सीटांची इतकी विकली गेलेली दुसरी स्पोर्ट्स कार नाही. आपल्या दृष्टीनं त्याचा अर्थ एवढाच की सुटे भाग मुबलक मिळतात, आणि माझ्यासारख्या पगारदारालाही जुनी गाडी परवडते. घेताना परवडते, असं म्हणू या.

आता माझा मूर्खपणा. पहिल्यांदा पाणी साचलं तेव्हा मी सरळ गॅरेज गाठलं. तिथल्या माणसानं हूडवर हात फिरवला, मान हलवली आणि नवं हूड सांगितलं. बसवून ४८० पौंड. गाडी मी घेतली होती १,६५० ला! हूडला एकही भोक नव्हतं, शिवण उसवलेली नव्हती, मागची काच नीट चिकटलेली होती. तरी कापडी छप्पर आहे म्हणजे गळणारच, हे मलाही पटलं. आजार रेड्याला, औषध पखालीला. हूड मी बदललं नाही, ते शहाणपणामुळे नव्हे, खात्यात पैसे नव्हते म्हणून. त्याऐवजी शिवणींवर वॉटरप्रूफिंगचा स्प्रे मारला, दारांचे रबर बदलले, चिकटपट्ट्या लावल्या. या सगळ्यावर मिळून शंभरेक पौंड गेले असतील. पाणी होतं तिथेच.

उत्तर मिळालं ते बाबांमुळे, आणि त्यांना गाडीतलं ओ की ठो कळत नाही. मे महिन्यात फोन केला तर ते घर शाकारून घेत होते. म्हणाले, कौलं ठीक आहेत, पण पन्हळीत पानं साचून माती झाली होती, त्यात चक्क रोप उगवलं होतं. गेल्या साली पडवीत पाणी आलं ते कौलातून आलंच नव्हतं, पन्हळ तुंबून मागे फिरलं होतं. फोन ठेवला आणि टॉर्च घेऊन खाली गेलो.

या गाडीलाही पन्हळ आहे. हूडची मागची कड जिथे गाडीच्या पत्र्याला भेटते, तिथे कडेखालून आतल्या बाजूनं प्लॅस्टिकची एक लवचिक पट्टी जाते. हूडवरून ओघळलेलं पाणी या पट्टीत उतरावं अशीच रचना आहे, म्हणजे त्या फटीतून पाणी आत जाणं हा दोष नाही. पट्टी ते दोन्ही कोपऱ्यांत नेते. सीटबेल्ट जिथून निघतो त्या खांबाच्या मागे, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, अशी दोन भोकं आहेत. तिथून नळी खाली जाते आणि मागच्या चाकाच्या जरा पुढे, गाडीच्या पोटातून पाणी रस्त्यावर पडतं. हा रस्ता मोकळा असेल तर कितीही पाऊस पडो. तुंबला की पाणी चढतं, पट्टीच्या काठावरून सांडतं आणि सीटमागे उतरतं. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात. या गाडीत जातं.

माझी गाडी दोन वर्षं एका सायकॅमोरच्या झाडाखाली उभी होती. ऑक्टोबरात त्याच्या भिंगरीसारख्या बिया फिरत फिरत खाली येतात. दिसायला सुरेख. त्यातल्या अर्ध्या माझ्या नळीत होत्या.

तपासणी पाच मिनिटांची आहे. कोरड्या दिवशी करा, म्हणजे खालची जमीनही कोरडी असेल. हूडच्या पुढच्या दोन्ही कड्या सोडा आणि हूड अर्धं मागे घ्या, पूर्ण नको. बेल्टच्या खांबामागे टॉर्च मारा. खोल कोपऱ्यात काळं भोक दिसलं तर बरं; काळा चिखल दिसला तर निदान तिथेच झालं. भोक दिसत असलं तरी खात्री करा: अर्धा लिटर पाणी तांब्यानं हळूहळू त्या कोपऱ्यात सोडा आणि कुणाला तरी मागच्या चाकापाशी वाकून बघायला सांगा. आमच्याकडे हे काम बायकोकडे आलं. तिनं एकदाच सांगितलं की हे शेवटचं, पुढच्या वेळी शेजाऱ्याला बोलाव.

पाणी ओतता ओतता खाली धार लागली तर ती बाजू मोकळी. पाणी वरच थांबून डबकं झालं किंवा बुडबुडे काढत परत वर आलं तर नळी तुंबलीय. तिसरा प्रकार सर्वांत वाईट आणि सहज नजरेतून सुटणारा: वरून पाणी झरझर जातंय, भोक एकदम साफ दिसतंय, पण खाली थेंब नाही. म्हणजे नळी मध्येच फाटलीय नाहीतर निसटलीय, आणि तुमचं अर्धा लिटर पाणी गाडीच्या उंबऱ्यात गेलं. उंबरा म्हणजे दाराखालची ती पोकळ पत्र्याची पेटी, इथले लोक तिला सिल म्हणतात. तिच्याकडे पुढे येतो.

तुंबलेली नळी साफ करायला माझ्या शेजारच्या आजोबांनी जे हत्यार दिलं त्याला तोड नाही. खिडकीच्या जाळीच्या पडद्यांना लावतात ती प्लॅस्टिक चढवलेली स्प्रिंगची तार. हार्डवेअरच्या दुकानात दोन-तीन पौंडांना मिळते, मीटरभर पुरते. ती वाकते, वळणं घेते आणि नळीला बोचत नाही. कापलेल्या टोकाला मात्र इन्सुलेशन टेपचे दोन-तीन वेढे द्या, नाहीतर तेच टोक सुरीसारखं लागतं. वरून घालायची, अडली की रेटायची नाही, बोटांत धरून गोल फिरवायची, थोडी मागे, थोडी पुढे. मधूनमधून कोमट पाणी सोडायचं. मग गाडीखालून, बाहेरच्या तोंडातून वर घालायची. मळ बहुतेक करून या खालच्या टोकालाच घट्ट बसलेला असतो. माझ्या डाव्या नळीतून आधी नुसतं काळं पाणी आलं, मग बोटभर लांबीची चिखलाची वळकटी, तिच्यात बिया जशाच्या तशा, आणि मागोमाग दोन वर्षांचं पाणी एकदम. माझी बाही कोपरापर्यंत भिजली. इतका आनंद मला गाडी घेतली तेव्हाही झाला नव्हता.

कपडे वाळत घालायची लोखंडी तार सरळ करून घालू नका. आणि कॉम्प्रेसरची हवा तर नकोच. हे मी अनुभवानं सांगतोय. उजवी नळी तारेनं लवकर साफ होईना म्हणून मित्राच्या गॅरेजमधला कॉम्प्रेसर लावला. आत ‘फट्’ असा आवाज आला आणि पाणी झरकन खाली गेलं. मी खूश. खाली बघायचं सुचलंच नाही. नळी तिच्या तोंडावरून निसटली होती आणि पुढचा अख्खा हिवाळा उजव्या बाजूचं सगळं पाणी उंबऱ्यात उतरत राहिलं. वरचा तिसरा प्रकार मला इतका पाठ का, ते कळलं असेल. मार्चमध्ये बेल्टच्या खांबावरचं प्लॅस्टिक काढून, हात आत कोंबून, नळी परत चढवली आणि क्लिप आवळली. हाताला ओरखडे आले ते वेगळेच.

नळ्या दोन्ही मोकळ्या आणि तरी सीटमागे ओल? मग पन्हळीची पट्टी बघा. वीस वर्षांत ती कडक होते आणि कोपऱ्याजवळ, जिथे वळण असतं तिथे चिरते. सीटमागच्या फळीवरचं कार्पेट वर उचला. हूडची कड पत्र्याच्या पट्ट्यांखाली नटांनी दाबलेली दिसेल. दहाचा पाना लागतो. सगळे नट काढायची गरज नाही, कोपऱ्याकडचे सैल केले की चीर दिसते. बोटभर चीर असेल तर कोरडी करून, स्पिरिटनं पुसून, आतून लवचिक सीलंट आणि वर कापडी पट्टी. माझ्या ओळखीच्या एकाचं हे काम टिकलंय. दोन जागी गेली असेल तर पट्टीच बदला, आणि हूडही आलंच असेल तर दोन्ही कामं एकदम उरका, कारण मजुरी एकच.

ओल नक्की कुठे आहे यावर उगम ठरतो, पण त्यात एक फसगत आहे. माझ्या घरापुढची जागा उताराची. गाडी नाक खाली करून उभी असायची, त्यामुळे सीटमागचं पाणी कार्पेटखालच्या जाड फेल्टमधून झिरपत पुढे पायांपाशी यायचं आणि मी महिनाभर पुढच्या काचेकडे बघत बसलो. तेव्हा आधी गाडी सपाट जागी लावा. मग सगळं कोरडं करून, कार्पेट बाहेर ठेवून, उघड्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि नळीनं एका वेळी एकाच भागावर पाणी सोडा, खालून वर असं जात. पावडरीत ओघळाची रेघ उमटते. ती रेघ सांगेल ते खरं.

रेघ दाराखालून आली तर दाराच्या आतल्या प्लॅस्टिकच्या पडद्यावर संशय घ्या. काचेवरून दारात पाणी जातंच, ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडायचं असतं. कधीतरी कुणी पॉवर विंडो दुरुस्त करताना तो पडदा फाडून नुसता वर चिकटवून ठेवलेला असतो. नवी ब्युटाइलची चिकटपट्टी लावली की काम होतं. तळाची भोकंही टोचून मोकळी करा. काचेच्या वरच्या कोपऱ्यातून थेंब येत असेल तर रबर कडक झालंय किंवा काच पुरेशी आत दाबत नाहीये. रबराला सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलिन नको, त्यानं रबर फुगतं. डिकीत पाणी असेल तर मागच्या दिव्यांची आणि डिकीच्या झाकणावरच्या ब्रेक लाइटची गास्केटं बघा. डिकीत बॅटरी आहे हे विसरू नका. तिच्या खालचा पत्रा वर्षातून एकदा बॅटरी उचलून बघायचा. नवी बॅटरी घेताना वायू बाहेर नेणाऱ्या नळीची सोय असलेलीच घ्या, स्वस्तातली साधी उचलून डिकीत कोंडू नका.

पायांपाशी आलेलं पाणी चिकट असेल, गोडसर वास येत असेल आणि काचेवर तेलकट थर बसत असेल, तर ते पावसाचं नाही. हीटरच्या रेडिएटरमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळतंय. ते वेगळं दुखणं, आणि इंजिनाच्या जिवावर येणारं. उन्हाळ्यात एसी चालवल्यावरच पाणी येत असेल तर एसीची बारीक नळी तुंबलीय, बस.

वाळवण्याचं काम लोक अर्धवट सोडतात. वरून कार्पेट कोरडं लागलं तरी खालच्या फेल्टमध्ये लिटरभर पाणी सहज असतं. सीट काढा, प्रत्येकी चार बोल्ट, चौदाचा पाना. सीटखाली वायर असेल तर आधी बॅटरी सोडवा, थोडा वेळ जाऊ द्या, मग प्लग काढा. कार्पेट घरात न्यावं लागतं आणि ते बाथटबवर आडवं टाकून चार दिवस ठिबकत ठेवावं लागतं, तेव्हा घरच्यांची परवानगी आधी घ्या. मी घेतली नव्हती.

आता उंबरा. ही सगळी धडपड कशासाठी, तर यासाठी. नळीतून चुकलेलं पाणी या पेटीत साचतं आणि पत्रा आतून खातं. बाहेर मागच्या चाकापुढे रंगाला बारीक फोड दिसतो तेव्हा आतले थर बहुधा गेलेले असतात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पुढून मागे ठोकत या. टणटण आवाज अचानक बद्द झाला तर समजा. गाडी रस्त्यावर आणण्याजोगी आहे का हे बघणाऱ्या इथल्या दर वर्षीच्या एमओटी तपासणीत सीटबेल्टच्या आणि सस्पेन्शनच्या जोडापासून ३० सेंटिमीटरच्या आत मुख्य पत्रा गंजून कमजोर झाला असेल तर गाडी नापास होते, आणि उंबऱ्याचा मागचा भाग नेमका त्यातच येतो. तिथे लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला चालत नाही, पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागतो. माझा उजवा उंबरा त्या एका हिवाळ्यानं गेला. डाव्याचीही थोडी कड गेली होती, दोन्ही मिळून ७२० पौंड. हूडच्या ४८० वर मी नाक मुरडलं होतं.

जुनी एमएक्स-५ बघायला जाणाऱ्यांनी म्हणूनच इंजिनाआधी इथे गुडघे टेकावेत. नंबर प्लेटवरून गाडीचा एमओटीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतो. त्यात ‘सिल’ आणि ‘गंज’ हे शब्द कोणत्या वर्षापासून यायला लागले ते वाचा. दुसऱ्या पिढीत पुढच्या चॅसीचे दांडेही बघायचे. तिथे पत्रा दुहेरी आहे आणि दोन थरांच्या मध्ये गंज धरतो. वेल्डिंग झालेलं असलं तर घाबरू नका, फोटो मागा. चमकदार नवा काळा थर मात्र दिसला की खालचं काय झाकलंय ते विचारा.

वेल्डिंगनंतर, किंवा नशीब असेल तर आधीच, उंबऱ्यात पोकळीत मारायचं मेण सोडा. मी बिल्ट हॅम्बरचं वापरलं, लांब नळीचा डबा येतो. दाराच्या पट्टीखालची रबरी बुचं काढून तिथून आत सोडायचं. पण पाणी थांबल्यावर आणि पेटी पूर्ण वाळल्यावरच. ओल्या पत्र्यावर मेण म्हणजे ओल आत कोंडणं.

आता माझं आगोटीचं काम ठरलेलं आहे: पानगळ सुरू होण्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा, दोन्ही बाजूंना तांब्याभर पाणी, मधल्या काळात दर पंधरा दिवसांनी कोपऱ्यातली पानं हातानं उचलणं. गाडी सायकॅमोरखालून हलवली. तार डिकीत गुंडाळलेली असते. गेल्या नोव्हेंबरात दोन्ही धारा लगेच लागल्या. बघायला शेजारचे आजोबा होते.

डाव्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून मोठ्या पावसात अजून एक थेंब येतो, बरोबर बायकोच्या खांद्यावर. रबर मागवलंय. तोवर तिथे नॅपकिन खोचलाय.